‘रक्षित’ मूल आणि ‘जाणते’ मूल : मुलांच्या इंटरनेट-सुरक्षिततेविषयीच्या विचाराची चिकित्सा

प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरच्या तीन दशकांत हे माध्यम महानगरांतील कार्यालयांतून सायबर कॅफेत, सायबर कॅफेतून घरच्या संगणकावर आणि तेथून खेड्यातील मुलाच्या तळहातावर येऊन पोहोचले. फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावी आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने शिकावयास येणारा विद्यार्थी आज ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत जाण्यापूर्वीच मोबाइलच्या पडद्यापर्यंत गेलेला असतो. त्यामुळे मुलांना इंटरनेटचा सुरक्षित वापर कसा शिकवावा, हा प्रश्न आता केवळ शहरी पालकांचा उरलेला नाही.

या प्रश्नावर बोलले पुष्कळ जाते. व्याख्याने होतात, भित्तिपत्रके लागतात, परिपत्रके निघतात. परंतु या सर्व बोलण्यामागे मुलाविषयीची, माध्यमाविषयीची आणि शिक्षणाविषयीची कोणती धारणा उभी आहे, याची तपासणी क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे.

उद्दिष्टे

१) मुलांच्या इंटरनेट-वापराविषयी मराठीत रूढ असलेल्या भाषेचे स्वरूप तपासणे.
२) २००१ पासून महाराष्ट्रात योजले गेलेले संरक्षणाचे उपाय कोणत्या गृहीतकांवर उभे आहेत, हे पाहणे.
३) इंटरनेट-सुरक्षिततेचे शिक्षण भाषाशिक्षणाच्या अंगाने कसे देता येईल, याचा विचार करणे.

लेखाची पद्धती विश्लेषणात्मक असून न्यायालयीन व शासकीय उपाय, ग्रामसभांचे निर्णय, पाठ्यपुस्तकातील प्रकरण आणि गाजलेल्या काही घटना यांचे ‘संहिता’ म्हणून वाचन येथे केले आहे.

१. शब्दांत दडलेले भय

प्रथम शब्दांचाच विचार करू. इंटरनेटला मराठीने ‘आंतरजाल’, ‘महाजाल’ असे प्रतिशब्द दिले. ‘जाल’ म्हणजे जाळे. आणि मराठी मनात जाळे म्हटले की कोळ्याचे, पारध्याचे अथवा कोळिष्टकाचे चित्र उभे राहते. मायाजाल, इंद्रजाल हे शब्द त्याच कुळातले. जोडणारी वीण हा अर्थ मागे पडतो आणि अडकविणारा फासा हा अर्थ पुढे येतो. वृत्तपत्रांचे मथळेही याच वाटेने जातात. मोबाइलचा ‘विळखा’ पडतो, समाजमाध्यमांचे ‘व्यसन’ लागते, मुले ‘आहारी’ जातात आणि शेवटी ‘बळी’ ठरतात. या सर्व वाक्यांत क्रिया करणारे माध्यम असते. मूल केवळ भोगणारे असते.

‘सुरक्षित’ हा शब्दही व्याकरणाच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. ‘रक्ष्’ या धातूपासून बनलेले ‘रक्षित’ हे कर्मणी धातुसाधित आहे. रक्षित म्हणजे ज्याचे रक्षण दुसऱ्याने केले तो. रक्षणकर्ता वेगळा, रक्षित वेगळा. ‘मुलांना सुरक्षित ठेवणे’ या प्रयोगात मूल कर्माच्या जागी बसते आणि कर्ता नेहमी मोठा माणूस असतो. याउलट ‘जाणता’ या शब्दात कर्तृत्व मुलाकडे येते. मराठीत ‘अजाण’ आणि ‘जाणता’ ही बालपणाची दोन टोके मानली आहेत व त्यांमधील प्रवासालाच आपण वाढणे म्हणतो. इंटरनेट-सुरक्षिततेचा आपला बहुतांश विचार मुलाला रक्षित करू पाहतो, जाणते करण्याचा विचार मात्र मागे राहतो, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

आपल्या बालसाहित्याने मात्र कर्तृत्ववान मूल फार पूर्वीच रंगविले आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे संकटात सापडतो, पण मोठी माणसे येऊन सोडवतील म्हणून थांबत नाही. तो निरीक्षण करतो, संशय घेतो, दुवे जुळवितो आणि योग्य वेळी योग्य माणसाला गाठतो. हे चारही गुण आज पडद्यासमोर बसलेल्या मुलाला हवे आहेत. ज्या भाषेने मुलांना असा नायक दिला, त्याच भाषेतील सुरक्षाविषयक प्रचारसाहित्यात मूल केवळ ‘बळी’ म्हणून यावे, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

२. स्थळाचे नियंत्रण : सायबर कॅफे

मुले आणि इंटरनेट या प्रश्नाची महाराष्ट्रातील पहिली गंभीर संस्थात्मक चर्चा मुंबई उच्च न्यायालयात झाली. इंटरनेटवरील अश्लील मजकूर अल्पवयीन मुलांना सहज उपलब्ध होतो, अशी तक्रार २००१ मध्ये न्यायालयाकडे आली. न्यायालयाने तिची दखल घेऊन त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एक समिती नेमली आणि समितीने जानेवारी २००२ मध्ये आपला अहवाल सादर केला. सायबर कॅफेत येणाऱ्यांची ओळख पटवावी, अल्पवयीन मुलांना बंदिस्त कक्षातील संगणक वापरू देऊ नये, त्यांनी मोकळ्या जागेतील संगणकांवर बसावे, अशा स्वरूपाच्या शिफारशी त्यात होत्या.

हीच दृष्टी केंद्र शासनाच्या २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांत दिसते. कक्षाच्या आडभिंतीची उंची साडेचार फुटांहून अधिक नसावी, कक्षाबाहेरील संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, पालक सोबत असल्याशिवाय अल्पवयीनास कक्षात बसू देऊ नये, असे ते नियम सांगतात.

त्या काळाच्या संदर्भात या उपायांना अर्थ होता. इंटरनेट ही ‘जाण्याची’ जागा होती आणि जागेवर पहारा ठेवता येत होता. परंतु येथे सुरक्षितता म्हणजे दृश्यता, हे समीकरण रूढ झाले. मूल दिसत असले की ते सुरक्षित आहे! सायबर कॅफे ओसरले, पडदा खिशात आला, तरी समीकरण तेच राहिले. ‘फोन हॉलमध्ये बसूनच वापर’ ही आजच्या घरातील आज्ञा म्हणजे साडेचार फुटी आडभिंतीचीच घरगुती आवृत्ती होय. लहान मुलांच्या बाबतीत ती उपयुक्तही आहे. पण पडद्याकडे पाहणाऱ्या मोठ्या माणसाला त्या पडद्यावर काय घडते आहे हे वाचता येते का, हा प्रश्न त्या आज्ञेत विचारलेलाच नसतो.

३. काळाचे नियंत्रण : भोंगा आणि बंदी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. जो फोन कालपर्यंत मुलाच्या हातून काढून घेतला जात होता, तोच शाळेच्या सांगण्यावरून त्याच्या हाती देण्यात आला. अनेक कुटुंबांनी त्यासाठी उसनवारी केली. फोन कसा वापरावा, याचे शिक्षण मात्र त्या घाईत राहून गेले. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर सुटलेली सवय आवरण्याचा प्रश्न गावागावांत उभा राहिला. त्याला महाराष्ट्रातील दोन गावांनी दिलेली उत्तरे अभ्यासण्यासारखी आहेत.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजू लागला. त्यानंतरचा दीड तास घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवावयाचे आणि मुलांनी अभ्यास, मोठ्यांनी वाचन वा संवाद करावयाचा, असे ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला.

वरवर पाहता दोन्ही निर्णय सारखे वाटतात. परंतु त्यांच्या नैतिक रचनेत मूलभूत भेद आहे. वडगावचा नियम वयाचा भेद करीत नाही. भोंगा वाजला की वडीलही फोन खाली ठेवतात. मुलाला येथे शिक्षा होत नाही, तर अख्खे गाव एका शिस्तीत सामील होते. शिवाय तो नियम फोनच्या जागी काहीतरी देतो : अभ्यासाची शांतता आणि घरातील बोलणे. बान्सीच्या ठरावात मोठ्यांना मोकळीक आहे आणि बंधन फक्त मुलांवर आहे. मुलांनी जे मोठ्यांकडे पाहून उचलले, त्याची जबाबदारी मुलांवरच टाकण्याचा हा प्रकार ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ या म्हणीची आठवण करून देतो. ठराव करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण अठराव्या वर्षापर्यंत ज्याने पाण्याला स्पर्श केला नाही, तो एकोणिसाव्या वर्षी पोहू लागत नाही.

वडगावच्या उपक्रमालाही एक मर्यादा आहे. तो ‘किती वेळ’ याचे उत्तर देतो. ‘काय आणि कसे’ याचे देत नाही. दीड तास बंद राहिलेला फोन साडेआठ वाजता पुन्हा सुरू होतो, तेव्हा मुलासमोरचे जग तेच असते. काळाचे नियमन हा शिक्षणाचा पाया होऊ शकेल, पण तेच शिक्षण आहे असे मानणे चुकीचे ठरेल.

याच्या शेजारी आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण ठेवले पाहिजे. छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुलांना एखादी परकीय भाषा निवडण्यास सांगितले. यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांच्या ओढीने मुलांनी जपानी भाषा निवडली. अभ्यासक्रमाची पुस्तके नसताना इंटरनेटवरील चित्रफिती आणि भाषांतराची अॅप्स यांच्या आधारे शिकण्याला आरंभ झाला. पुढे एका जाणकाराने त्यांना ऑनलाइन शिकविण्याची जबाबदारीही घेतली. ज्या माध्यमाला आपण ‘विळखा’ म्हणतो, त्याच माध्यमाने खेड्यातील मुलांना एक दूरची भाषा जवळ आणून दिली. येथे मुलांनी स्वतः निवड केली होती, वापराला हेतू होता आणि शिक्षक सोबत होता. हेतू, निवड आणि सोबत यांची ही जुळणी कोणत्याही बंदीपेक्षा अधिक संरक्षक आहे, असे म्हणता येईल.

४. पाठ्यपुस्तकातील इंटरनेट

शासनमान्य ज्ञान मुलांशी या विषयावर काय बोलते? बालभारतीच्या २०१८ मध्ये आलेल्या इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकातील ‘सामाजिक आरोग्य’ हे नववे प्रकरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सायबर गुन्ह्यांसारखा विषय शालान्त पातळीवर आणला, हे या प्रकरणाचे श्रेय आहे आणि ते निःसंकोच मान्य केले पाहिजे.

तथापि, प्रकरणाची मांडणी बोलकी आहे. सामाजिक आरोग्य बिघडविणाऱ्या घटकांची यादी करताना ताणतणाव, व्यसनाधीनता, दुर्धर आजार यांच्या ओळीत प्रसारमाध्यमे व आधुनिक तंत्रज्ञानाचा अतिवापर आणि सायबर गुन्हे येतात. पुढचे प्रकरण आपत्ती व्यवस्थापनाचे आहे. म्हणजे इंटरनेट हा विषय मुलाला भेटतो तो व्यसन आणि आपत्ती यांच्या मधोमध. माध्यमाच्या अतिवापराने होणारे शारीरिक त्रास, एकलकोंडेपणा, गुन्ह्यांचे प्रकार, कायदा या गोष्टी येतात. परंतु एखाद्या अनोळखी व्यक्तीने धमकावले तर पंधरा वर्षांच्या मुलीने पहिल्या तासात नेमके काय करावे, याला मध्यवर्ती स्थान नाही. रोगाचे वर्णन विस्ताराने येते. रोग्याने काय करावे ते थोडक्यात उरकले जाते.

दुसरा मुद्दा वेळेचा. दहावीच्या पुस्तकाच्या शेवटाकडे हा विषय येतो. मुलांचा फोनशी संबंध त्याच्या कितीतरी आधी जुळलेला असतो. ‘असर’ २०२४ या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आठवड्याभरात अभ्यासाशी संबंधित कामासाठी फोन वापरल्याचे सुमारे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रासदायक खाते रोखणे वा त्याची तक्रार करणे ६२ टक्क्यांना, पासवर्ड बदलणे ५७.७ टक्क्यांना आणि स्वतःचे खाते खाजगी ठेवणे ५५.२ टक्क्यांना ठाऊक होते. म्हणजे दहांपैकी जवळजवळ चार मुले दार कसे लावावे हे न शिकताच त्या घरात राहावयास गेली आहेत. ही उणीव भयाने भरून निघणार नाही. कडी कुठे आहे, ते दाखवावे लागेल.

५. मोठ्यांचे वाचन : दोन घटना

मुलांना शिकविण्याची भाषा करणाऱ्या मोठ्यांची स्वतःची तयारी किती, हेही तपासले पाहिजे. त्यासाठी दोन घटना पाहू.

जुलै २०१७ च्या अखेरीस मुंबईतील अंधेरी येथे एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि त्याचा संबंध ‘ब्लू व्हेल’ नावाच्या कथित खेळाशी जोडला गेला. देशभर भीतीची लाट आली. ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने त्या खेळाचे दुवे हटविण्याचे निर्देश मोठ्या कंपन्यांना दिले, शाळांतून सूचना वाचल्या गेल्या, घरोघरी फोन तपासले गेले. त्यानंतर नेमलेल्या समितीने अशा संशयित घटनांतील उपकरणे, संभाषणे व न्यायवैद्यक पुरावे तपासले. आणि यांपैकी एकाही घटनेत त्या खेळाचा सहभाग सिद्ध होऊ शकला नाही, असे जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. भीती पहिल्या पानावर आली होती. निष्कर्ष मात्र फारसा कोणाच्या लक्षातही राहिला नाही. दुःखात असलेल्या मुलाला काय सलते आहे, हे विचारण्यापेक्षा एका अदृश्य खेळाला दोष देणे समाजाला सोपे गेले.

दुसरी घटना अधिक भीषण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या काळात व्हॉट्सअॅपवरून पसरलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. लक्षात घ्यावयाचे ते असे की, ती अफवा मुलांच्या सुरक्षिततेच्या नावानेच पसरली होती. मुलांच्या काळजीने पेटलेल्या मोठ्यांनी वाचलेल्या संदेशाची शहानिशा केली नाही आणि पाच निरपराध माणसांचे प्राण गेले. ‘कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते’ ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्याच समाजात हे घडले. कारण पडद्यावर जे दिसते ते डोळ्यांनी पाहिलेले असले, तरी वस्तुतः ते ऐकीवच असते, हा नवा भेद कोणी शिकविला नव्हता.

या दोन्ही घटनांचा निष्कर्ष एकच आहे. इंटरनेट-सुरक्षिततेच्या वर्गात मुलांच्या शेजारी पालक आणि शिक्षक यांनाही बसावे लागेल.

६. मुले का सांगत नाहीत?

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. इंटरनेटवर त्रास झालेल्या मुलासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणाला तरी वेळेवर सांगणे. तक्रारीसाठी मार्ग आहेत. बालकांसाठीचा १०९८, सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हे दूरध्वनी क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टल उपलब्ध आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६७ ब आणि २०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा यांचा आधारही आहे. तरीही मूल गप्प राहते. कारण सांगितले की प्रथम फोन जातो, हे त्याला ठाऊक असते.

मुलीच्या बाबतीत फोनबरोबर शाळाही जाते. ‘असर’ २०२४ नुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन आहे. मुलींत हे प्रमाण २६.९ टक्के आहे. म्हणजे बहुतेक मुली भावाचा वा वडिलांचा फोन वापरतात आणि त्यांचे प्रत्येक संभाषण दुसऱ्याच्या मालकीच्या खिडकीतून होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. परभणी, बीड यांसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक आहे. अशा परिसरात एका अनोळखी मुलाचा आगंतुक संदेश हा मुलीसाठी केवळ सायबर गुन्हा राहत नाही. ‘मोबाइलमुळे नाव खराब होईल’ या एका वाक्यावर तिचे शिक्षण थांबू शकते आणि लग्न ठरू शकते. धमकी देणाऱ्यालाही हे पक्के माहीत असते. ‘तुझ्या घरी सांगेन’ हेच त्याचे शस्त्र असते आणि ते शस्त्र घरानेच त्याच्या हाती दिलेले असते.

ही भीती नवी नाही. एकोणिसाव्या शतकात स्त्रीशिक्षणाला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप असा होता की, स्त्रिया लिहावयास शिकल्या तर परपुरुषांना पत्रे लिहितील. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तेव्हा या आक्षेपाला उत्तर म्हणून लेखणी काढून घेतली गेली नाही. ती अधिक मुलींच्या हाती दिली गेली. आजचा मोबाइलविषयक आक्षेप त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की, आजचे धोके अधिक खरे आहेत आणि म्हणून शिक्षणाची गरजही अधिक खरी आहे.

यावरून असे दिसते की, मुलांना शिकविण्याच्या आधी घराने आणि शाळेने एक वचन दिले पाहिजे : ‘तू सांगितलेस म्हणून तुला शिक्षा होणार नाही.’ हे वचन नसेल तर बाकीचा अभ्यासक्रम निष्फळ आहे. शिक्षकाने येथे आणखी एक भान ठेवावयाचे आहे. लैंगिक अपराधाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. प्रकरण ‘घरातल्या घरात मिटविणे’ हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. मात्र कळविताना मुलाला विश्वासात घेणे, त्याची ओळख गुप्त ठेवणे आणि त्याचे शिक्षण चालू राहील हे पाहणे ही शिक्षकाची नैतिक जबाबदारी आहे.

७. सुरक्षितता : एक वाचनकौशल्य

इंटरनेट-सुरक्षितता हा विषय आजवर संगणक शिक्षकाकडे अथवा पोलीस अधिकाऱ्याच्या वार्षिक व्याख्यानाकडे सोपविला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याची खरी जागा भाषेच्या तासाला आहे. फसवणूक तंत्राने होते त्याहून अधिक भाषेने होते.

अनोळखी व्यक्ती मुलाशी जवळीक साधते, त्या संभाषणाची एक ठरीव रचना असते. प्रथम स्तुती येते : ‘तुझ्यासारखी हुशार मुलगी पाहिली नाही.’ मग गुपित येते : ‘हे आपल्या दोघांतच ठेव.’ त्यानंतर घाई : ‘आत्ताच्या आत्ता पाठव.’ आणि शेवटी धमकी. स्तुती, गुपित, घाई आणि धमकी या चार पायऱ्या आठवीच्या मुलाला एका तासात ओळखता येतील. कथेतील पात्राचा हेतू त्याच्या संवादावरून ओळखावयास आपण शिकवितोच; तेच कौशल्य येथे कामी येते. मोठ्यांना फसविणाऱ्या ‘डिजिटल अटक’ या प्रकारातही गुपित, घाई आणि धमकी हीच सामग्री असते. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’मध्ये त्यावर थांबण्याचा, विचार करण्याचा आणि मग कृती करण्याचा सल्ला दिला होता. थांबणे म्हणजे घाईचा अलंकार ओळखणे, असे भाषेच्या शिक्षकाला म्हणता येईल.

दुसरा पाठ संदेशाच्या शहानिशेचा. हे कोण सांगते आहे? त्याला ते कसे कळले? कधीचे व कोठले आहे? मी ते पुढे पाठविले तर कोणाचे काय होईल? या चार प्रश्नांची सवय वर्गात लावता येते. मराठीला संदर्भ तपासण्याची परंपरा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर खुला आहे. व्हॉट्सअॅपवर आलेला एखादा ‘इतिहास’ विश्वकोशातील नोंदीशी ताडून पाहणे, हा उत्तम गृहपाठ ठरेल. कृत्रिम बुद्धिमत्तेने खोटा आवाज आणि खोटे चित्र सहज तयार होऊ लागल्यापासून तर ‘मी स्वतः पाहिले’ हा पुरावाही तपासून घ्यावा लागतो.

तिसरा पाठ कृतीचा. त्रासदायक संदेश पुसून टाकू नये, कारण तो पुरावा आहे. त्याचे पडदाचित्र घ्यावे, खाते रोखावे, तक्रार करावी आणि विश्वासातील मोठ्या माणसाला सांगावे. हा क्रम तोंडपाठ असावा. चौथा पाठ स्वतःच्या वर्तनाचा. वर्गातील मुलीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय पुढे पाठविणारा मुलगा हाही आपलाच विद्यार्थी असतो. सुरक्षिततेचे शिक्षण केवळ संभाव्य पीडितांना देऊन भागत नाही. पीडा देऊ शकणाऱ्यालाही ते द्यावे लागते.

८. एक आक्षेप आणि मर्यादा

येथे एक आक्षेप संभवतो. सारा भार मुलाच्या जाणतेपणावर टाकला तर कंपन्या आणि शासन मोकळे सुटतील. हा आक्षेप रास्त आहे. विहिरीला कठडा हवा आणि मुलाला पोहताही यावे. एक असले की दुसरे नको, असे होत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली असून मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस मनाई केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला.

जाहिरातींवरील बंधन स्वागतार्ह आहे. परंतु पालकांच्या संमतीची कल्पना आपल्या परिसरात कशी उतरेल? ज्या घरात वडिलांच्या फोनवरील अर्ज मुलगीच भरून देते, त्या घरात संमतीचे बटण कोण दाबणार, हे सांगावयास नको. स्थळ आणि काळ यांच्यानंतर आता वयाचे नियंत्रण आले आहे. पण कठडा कितीही उंच केला तरी पाण्याची ओळख टळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने मुलाला संरक्षणाबरोबर माहितीचा, खाजगीपणाचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. बालहक्क समितीने २०२१ मध्ये हे हक्क डिजिटल जगातही लागू असल्याचे स्पष्ट केले. संरक्षणासाठी अन्य हक्कांचा बळी देणे त्या संहितेत बसत नाही.

निष्कर्ष

१) मुलांच्या इंटरनेट-वापराविषयीची रूढ मराठी भाषा भय आणि निषेध यांची आहे, तीत मूल कर्त्याच्या जागी येत नाही.
२) २००१ पासूनचे उपाय अनुक्रमे स्थळ, काळ व वय यांचे नियंत्रण करतात. ते पूरक म्हणून उपयुक्त आहेत, शिक्षणाचा पर्याय म्हणून अपुरे आहेत.
३) मोठ्यांनाही लागू होणारा नियम मुलांना न्याय्य वाटण्याची शक्यता अधिक असते. मोहित्यांचे वडगाव या गावाच्या उपक्रमाचे बळ यातच आहे.
४) ‘सांगितल्याबद्दल शिक्षा नाही’ हे आश्वासन इंटरनेट-सुरक्षिततेच्या शिक्षणाची पूर्वअट आहे. मुलींच्या संदर्भात ते त्यांच्या शिक्षणहक्काशी थेट निगडित आहे.
५) सुरक्षित वापर हे मूलतः वाचनकौशल्य असल्याने त्याचा समावेश पाचवीपासून भाषाविषयात व्हावा आणि पालकसभांतूनही ते शिकविले जावे.

समारोप

आपल्या खेड्यांत मुलांना पोहावयास शिकविण्याची एक रीत आहे. मुलाच्या कमरेला दोर बांधतात, पाठीला सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात आणि जाणता माणूस त्याला विहिरीत उतरवितो. दोराचे टोक वर कोणाच्या तरी हाती असते. दिवस जातात तसा दोर सैल होतो, मग डबा सुटतो, आणि एके दिवशी मूल आपले आपण काठ गाठते. या रीतीत सुरक्षितता आहे, पण विहीर बुजविलेली नाही. इंटरनेटच्या बाबतीत शिक्षकाने आणि पालकाने करावयाचे कार्य यापेक्षा निराळे नाही. त्यासाठी दोर धरणाऱ्याला प्रथम पाण्याची खोली ठाऊक असली पाहिजे, आणि मुलाने हाक मारली तर ती ऐकून घेण्याची त्याची तयारी असली पाहिजे.